मदत हवी आहे: स्पितीला निघण्याआधी रस्त्याची ताजी, खात्रीची माहिती कशी मिळवता?

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्याहून आमच्या गाडीने हिमाचलमधल्या स्पितीला जायचं ठरवतोय. मी, बायको आणि आई-बाबा. बाबा ६९ वर्षांचे आहेत. ताबोचा मातीच्या भिंतींचा मठ इसवी सन ९९६ मधला आहे, हे त्यांनी कधीतरी वाचलं आणि तेव्हापासून तो त्यांना बघायचाय. चंदीगडपर्यंतची काळजी नाही, तिथपर्यंत आधी गाडी नेली आहे. पुढे शिमला, रामपूर, कल्पा, नाको, ताबो, काझा असं जायचं आणि परतताना कुंझुम खिंड ओलांडून बातल, ग्रामफू, अटल बोगदा, मनाली. गाडी साधी पेट्रोल हॅचबॅक आहे. चौघं आणि सामान असलं की मोठ्या गतिरोधकावर पोट घासतं.

गेल्या पावसाळ्यात भोरवरून वरंधा घाटाने महाडला निघालो होतो. फोनवरचा नकाशा रस्ता मोकळा दाखवत होता, घाटाच्या तोंडाशी गेलो तर बॅरिकेड. घाट बंद असल्याचा आदेश आधीच निघाला होता, मी तो शोधलाच नव्हता. तिथे काही बिघडलं नाही, ताम्हिणीने गेलो. पण खिंडीच्या अलीकडच्या लोसर गावात पोचल्यावर कुंझुम बंद असल्याचं कळलं तर मागे काझा साठेक किलोमीटर, आणि काझाहून शिमला आणखी चारशेच्या वर. आई-बाबांना घेऊन तो धोका नको वाटतो.

लाहौल-स्पितीचे पोलीस समाजमाध्यमांवर रस्त्यांची स्थिती टाकतात, ती महिनाभर वाचतोय. पण 'खुला' म्हणजे कुठल्या गाडीसाठी खुला, ते मला उमगत नाही. व्हिडिओंवर तारीख नसते. जाऊन आलेल्यांनी कृपया सांगा, रोज कुणाला आणि नेमकं काय विचारायचं?

रानवाट:
विचारताय ते फार बरं केलंत. मी दोनदा गेलोय, एकदा तुमच्यासारख्याच गाडीने.

तीन वेगळे रस्ते आहेत असं धरा. शिमला ते नाको हा सतलजच्या कडेचा भाग, तिथे भीती दरडीची. नाको ते लोसर हे खरं शीत वाळवंट. आपल्याकडे सह्याद्रीच्या आड बारामती-इंदापूर कोरडं राहतं, तसंच तिथे हिमालयाच्या आड. पाऊस कमी, पण डोंगरावर झाडं नाहीत आणि माती-मुरूम सुटा, म्हणून थोड्या पावसानेही दगड खाली येतात. नाकोजवळचा मलिंग नाला त्यासाठीच बदनाम आहे. तिसरा भाग लोसर, कुंझुम, बातल, ग्रामफू. तुमच्या गाडीची परीक्षा इथे. मी गेलो तेव्हा बातल ते ग्रामफू बराचसा दगडगोट्यांचाच रस्ता होता आणि नाले थेट त्यावरून वाहत होते.

तिथलं पाणी हिमनद्यांचं. ऊन चढलं की बर्फ वितळतो आणि दुपारी नाला फुगतो. सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी दुपारी गुडघ्यावर जातं. त्यामुळे 'रस्ता चालू आहे का' असं विचारूच नका. 'आज मनालीहून कुठली छोटी गाडी आली आणि नाला किती वाजता ओलांडला' असं विचारा. काझाच्या टॅक्सी स्टँडवर आदल्या संध्याकाळी जाऊन उभं राहिलात की याचं उत्तर मिळतं. बस आली म्हणजे रस्ता आहे एवढंच कळतं. बसचं चाक जिथून जातं तिथे आपल्या गाडीचं चेंबर फुटतं.

चाकोरीबाहेर:
वरच्या प्रतिसादाशी सहमत. थोडी भर घालते.

हवामान खात्याच्या शिमला केंद्राचा अंदाज रोज बघा आणि त्यात किन्नौर आणि लाहौल-स्पिती हे दोन्ही जिल्हे वेगवेगळे वाचा. जुलै २०२३ मध्ये ऐन उन्हाळी हंगामात कुंझुमजवळच्या चंद्रताल तलावापाशी बर्फ पडला आणि शेकडो पर्यटक अडकले, त्यांना काढायला काही दिवस लागले. महिना बघून निर्धास्त होऊ नका.

मुक्कामाच्या ठिकाणी आधीच फोन करून ठेवा. घरमालक रोज त्याच रस्त्याने ये-जा करणाऱ्यांना ओळखतात, शिवाय खोली विकायची घाई नसलेला माणूस खरं सांगतो. 'सोबत ६९ वर्षांचे वडील आहेत' हेही सांगा, उत्तर बदलतं.

बाबांच्या दृष्टीने शिमल्याकडून चढताय हे उत्तम, उंची हळूहळू वाढते. पुणे ५६० मीटरवर, काझा ३,६५० च्या आसपास. कल्पाला दोन रात्री काढा. निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांशी विरळ हवेबद्दल बोलून घ्या. काझाला टाकी पूर्ण भरा, पुढे मनालीच्या बाजूला उतरेपर्यंत पंपाचा भरवसा नाही.

धागाकर्ता:
रानवाट, चाकोरीबाहेर, दोघांचेही मनापासून आभार. बाबांना दोन्ही प्रतिसाद वाचून दाखवले. ते म्हणाले, "ताबो तर काझाच्या अलीकडेच आहे ना? मग कुंझुम झालं नाही तरी माझं काम झालं." हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

आता असं केलंय: तीन दिवस मोकळे ठेवलेत, मनालीची खोली आगाऊ घेणार नाही, आणि कुंझुमचा निर्णय काझाच्या टॅक्सी स्टँडवर. छोटी गाडी आल्याचं कळलं तर पहाटे पाचला निघायचं, नाहीतर आल्या वाटेने शिमला.

एक शंका उरते. नाको ते सुमडो (ताबोच्या अलीकडे) या पट्ट्यात दरड पडली तर माहिती नाकोत लवकर मिळते की खाली पूहला? आणि या सप्टेंबरमध्ये कुणी हॅचबॅकने बातल-ग्रामफू केलं तर तारीख, वेळ आणि गाडीत किती माणसं होती एवढं इथे लिहा. आम्ही ९ तारखेला पहाटे पुणे सोडतोय, काझापर्यंत रोज रात्री धागा बघेन.