नागपूर विद्यापीठाचे संघ बघायला जाणारं कुणी आहे का इथे?

शाहूपुरीकर

नमस्कार. बदली होऊन कोल्हापूरहून नागपूरला आलोय. घर रविनगर चौकाच्या अलीकडे, त्यामुळे विद्यापीठाचं मैदान येता-जाता लागतंच. गेल्या आठवड्यात तिथे मुलींचा कबड्डीचा सामना चालला होता. काय खेळत होत्या हो! एका पोरीनं एका चढाईत तीन गडी टिपले आणि रेषेला बोट लावून परत. बघायला कोण, तर दोन्ही संघांच्या राखीव मुली, एक चहावाला आणि मी. आमच्याकडे शाहू स्टेडियमवर तालमींची, म्हणजे पेठेपेठेतल्या संघांची, फुटबॉल मॅच असली की पेठा ओस पडतात. इथली ती रिकामी बाजू बघून चुकल्यासारखं झालं.

धाकटी लेक यंदा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. खो-खो खेळते, विद्यापीठाच्या निवड चाचणीला जाणार म्हणते. म्हणून विचारतो, हे संघ वर्षानुवर्षं बघणारं कुणी आहे का? जोर कोणत्या खेळात? पूर्वी कसे होते, आता कसे आहेत? आकडे नकोत, बघणाऱ्याचं मत हवं.

ठेचा_भाकर

भाऊ, नागपुरात आले तर क्रिकेट पहा. विदर्भानं रणजी तीनदा जिंकली. विद्यापीठाचं काय घेऊन बसले!

जर्सीवाला

बघणारा आहे ना भाऊ, मी आहे. गोकुळपेठेत जर्सीवर नाव-नंबर छापायचं माझं दुकान. सीझन लागला हे मला पेपरात वाचावं लागत नाही. ऑगस्ट संपत आला की कॉलेजांचे पी.टी.चे सर साइजची यादी घेऊन येतात, आणि यादीवरूनच कळतं की यंदा पोट्टे कसे आहेत. व्हॉलीबॉलच्या यादीत सगळेच 'मीडियम' असले की मी सरांना चहा पाजतो. दुसरं काय करणार?

आधी ठेचा-भाकर भाऊंचं. २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५, तिन्ही रणजींच्या वेळी मीही पेढे वाटले. पण ती क्रिकेट संघटनेची टीम. पैसा आहे, अकादमी आहे, एकेक खेळाडू दहा-दहा वर्षं राहतो. विद्यापीठाचा संघ ऑक्टोबरपर्यंत जन्माला आलेलाच नसतो. आधी आंतरमहाविद्यालयीन सामने, त्यातून चाचणी, चाचणीतून शिबिर, शिबिराच्या शेवटी भिंतीवर यादी, आणि यादीतल्यांनी पिशव्या भरून थेट स्टेशन गाठायचं. पश्चिम विभागीय स्पर्धा कधी राजस्थानात, कधी गुजरातेत, कधी मध्य प्रदेशात. हरले की परत. जिंकत गेले तर अखिल भारतीय. मार्चमध्ये सगळं खतम. पुढच्या वर्षी अर्धे पास होऊन गेलेले, कुणाचं लग्न ठरलेलं, कुणी पोलीस भरतीच्या मागे. शिवाय वयाची अट पंचविशीची. तुमच्या तालमीत बाप खेळला, मग पोरगा खेळतो. इथे दरवर्षी नवा डाव. म्हणून 'नागपूरचा खो-खो संघ कसा आहे' असं विचारून उत्तर मिळत नाही. 'यंदाचा कसा आहे' असं विचारा, आणि तेही डिसेंबरात.

पूर्वीचं म्हणाल तर नकाशा उघडा. विद्यापीठ १९२३ चं. सुरुवातीला पार सागर-जबलपूरकडची कॉलेजंसुद्धा यातच होती. सागर १९४६ ला वेगळं झालं. तरी पुढे सगळा विदर्भ आपलाच होता, बुलढाण्यापासून गडचिरोलीपर्यंत. १९८३ ला अमरावती विद्यापीठ झालं आणि वऱ्हाडचे जिल्हे गेले. जिल्हे गेल्याचं एवढं नाही, पण त्यांच्यासोबत अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ गेलं! १९३६ च्या ऑलिंपिकच्या वेळी ज्यांनी बर्लिनला जाऊन आपले देशी खेळ दाखवले, ते हे मंडळ. कबड्डी, खो-खो, मल्लखांब म्हटलं की पोरं तिथेच तयार व्हायची आणि विद्यापीठाच्या नावानं खेळायची. एका वर्षात ते सगळे समोरच्या बाकावर जाऊन बसले. मग २०११ ला गोंडवाना विद्यापीठ झालं, चंद्रपूर आणि गडचिरोली तिकडे. आता आपल्याकडे नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया. जुने कलर होल्डर, म्हणजे विद्यापीठाकडून खेळलेले, भेटले की 'आमच्या वेळी' सुरू करतात. मी ऐकून घेतो आणि मनात म्हणतो, काका, तुमच्या वेळी निवडायला सगळा विदर्भ होता, आता चार जिल्हे आहेत.

नावाची एक गंमत मात्र माझ्या धंद्यातली. २००५ च्या आधी 'नागपूर विद्यापीठ' पाठीवर एका ओळीत बसायचं. 'राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ' हे एखाद्या लहानखुऱ्या पोरीच्या 'स्मॉल' जर्सीवर छापून दाखवा बरं. तीन ओळी होतात आणि नंबर कमरेवर येतो. अक्षर बारीक करा तर पंचाला वाचता येत नाही. शेवटी आर.टी.एम.एन.यू. लिहून सुटका करून घ्यावी लागते.

आता जोर कुठे ते सांगतो. माझं मत विचाराल तर धावण्यात. लांब पल्ल्याचं धावणं आणि क्रॉसकंट्री. आपल्याच नागपूरची प्राजक्ता गोडबोले २०१९ साली इटलीत, नापोलीला, जागतिक विद्यापीठ स्पर्धेत भारताकडून ५००० मीटर धावली. सिरसपेठेतली पोरगी. आणि धावण्यातच का, याचं कारण सरळ आहे. धावायला शिबिर लागत नाही, जोडीदार लागत नाही, कुणाच्या पासची वाट बघावी लागत नाही. भंडारा-गोंदियाकडे पहाटे गावाबाहेरच्या रस्त्यावर जा. पोरं १६०० मीटरची, पोरी ८०० मीटरची तयारी करत असतात, कारण पोलीस भरतीत तेच अंतर आहे. त्यातलाच एखादा पुढे पाच हजार, दहा हजारावर जातो. संघ दरवर्षी मोडतो, पण धावणाऱ्याचं काही मोडत नाही, तो सोबत घेऊन फिरतो.

क्रिकेटचं उलटं. ज्याच्या मनगटात दम आहे त्याला विदर्भाची २३ वर्षांखालची टीम उचलते, आणि तारखा त्याच थंडीतल्या. १९३५-३६ पासूनची रोहिंटन बारिया करंडकाची आंतरविद्यापीठ क्रिकेट स्पर्धा, एका काळी तिथे धावा काढल्या की रणजीचं दार उघडायचं. आता बहुतेकांचं दार दुसरीकडूनच उघडतं.

आणि एकूण करंडकाची आशा धरू नका. सगळे खेळ मिळून पहिल्या येणाऱ्या विद्यापीठाला मिळणारा मौलाना आझाद करंडक १९५६-५७ पासून आहे, त्यावर अमृतसर, पतियाळा, चंदीगड यांचीच नावं पुन्हा पुन्हा. खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा २०२० ला भुवनेश्वरला सुरू झाली, तिथे पहिलं चंदीगडचं पंजाब विद्यापीठ, दुसरं आपलं पुणं. २०२२ ला बंगळुरूत जैन विद्यापीठ पहिलं. हे खाजगीवाले चांगल्या खेळाडूला फी माफ, हॉस्टेल, खुराक देऊन घेऊन जातात. चार जिल्ह्यांतली कॉलेजं गोळा करून बनवलेला संघ त्यांच्यासमोर एक सेट जरी नेटानं खेळला तरी मी खूश असतो. काही लोकांना हे रडगाणं वाटेल. वाटू द्या.

खो-खोचं मी बोलत नाही. इथे एक ताई आहेत, त्या बोलतील.

खांबाजवळची

काका, बोलावलंत म्हणून आले. 😄

शाहूपुरीकर दादा, मी विद्यापीठाकडून खेळलेली आहे. मुलीला एकच सांगा, कॉलेजच्या संघात ती कितीही चांगली असू दे, चाचणीत आणि शिबिरात पहिले काही दिवस तिचा खेळ बिघडणार. घाबरू नको म्हणावं.

कारण असं. कॉलेजात मागच्या मुलीचा खो आपल्या पाठीला ओळखीचा असतो. हात पाठीला लागायच्या आधीच तिच्या पावलांवरून कळतं की ही आता देणार. शिबिरात आठ जणी बसलेल्या, पाच कॉलेजांच्या. माझ्या मागे वर्धेची एक मुलगी होती, तिचा आवाज इतका बारीक की कानावर यायचाच नाही. मी अंदाजाने उठायचे आणि फाऊल. फाऊल झाला की उलट्या दिशेला जावं लागतं, तेवढ्यात पळणारी पार दुसऱ्या खांबाला. सर कुणालाच रागावले नाहीत. त्यांनी आम्हाला पळवणंच बंद केलं. सगळ्यांना बसवलं, कुणी पळणारी नाही, काही नाही, नुसते खो द्यायला लावले. या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत. एक अख्खी संध्याकाळ. बघणाऱ्याला वाटलं असतं या मुलींना वेड लागलंय. दुसऱ्या दिवशीपासून वर्धेची ती मुलगी हात जरा जोरात मारायला लागली, मीही तिच्या आवाजाची वाट बघणं सोडलं आणि हातावर उठायला लागले.

बाकी परीक्षेचं आधीच बघून ठेवा. हिवाळी परीक्षा आणि स्पर्धा एकमेकींवर येतात, हे कुठल्याही विद्यापीठात होतं. प्रॅक्टिकलच्या सरांना तोंडी नाही, लेखी अर्ज द्यायचा, आणि त्याची सही झालेली प्रत स्वतःजवळ ठेवायची. ही प्रत नसल्यामुळे आमच्यातल्या एकीला पेपर की स्पर्धा असं निवडावं लागलं होतं. तिनं पेपर निवडला. बरोबरच केलं, पण आमची सगळ्यात चांगली पळणारी तीच होती.

कामठीचा_राइट_विंग

काय जर्सीवाले भाऊ, एवढं मोठं पुराण लिहिलं आणि फुटबॉल कुठं गेला? कामठी दिसत नाही का तुमच्या नकाशात? कोल्हापूरच्या माणसासमोर आमची इज्जत घालवून राहिले तुम्ही!

जर्सीवाला

विसरलो नाही, तुझ्यासाठीच ठेवलं होतं. मला माहीत होतं तू येणारच.

शाहूपुरीकर भाऊ, हा म्हणतो ते खरं आहे. तुम्हाला घरच्यासारखं वाटेल असं ठिकाण नागपुरात नाही, कामठीत आहे. नागपूरजवळचं छावणीचं गाव, फुटबॉल तिथे जुना. रब्बानी क्लबचं नाव तुमच्याकडच्या जुन्या खेळाडूंना विचारा, ऐकलेलं असेल. तिथे मोहल्ल्यातला म्हातारासुद्धा ऑफसाइडवरून भांडतो. आणि मघाशी मी जे संघाचं सांगितलं ना, त्याला फुटबॉल थोडा अपवाद आहे, तो कामठीमुळेच. हे पोट्टे वर्षभर क्लबात सोबत खेळतात. कॉलेजं वेगळी असली तरी विद्यापीठाच्या शिबिरात येतात तेव्हा त्यांना एकमेकांकडे बघावं लागत नाही, चेंडू कुठे येणार हे ठाऊक असतं. ज्या वर्षी यादीत कामठीचे पाच-सहा जण असतात त्या वर्षी मी पहिला सामना चुकवत नाही.

फुटबॉलवरून आणखी एक. हिस्लॉप कॉलेजातले क्रीडा शिक्षक विजय बारसे सर. वस्तीतली पोरं पावसात फुटकी बादली लाथाडत होती ते बघून त्यांनी २००१ च्या सुमारास झोपडपट्टी फुटबॉल सुरू केला. पुढे त्याचं काय झालं ते 'झुंड' सिनेमामुळे जगाला माहीत आहे. मला त्यातलं एवढंच महत्त्वाचं वाटतं की तो माणूस कॉलेजचा पी.टी.चा मास्तर होता. आपल्या विद्यापीठाचा खेळ ज्या काही थोड्या खांद्यांवर उभा आहे ते असेच, यादी घेऊन माझ्या दुकानात येणारे. काही नुसते सही करणारेही असतात, पण ते साइज विचारत नाहीत. सगळ्यांना 'लार्ज' लिहून देतात.

ठेचा_भाकर

बरं, मानलं. पण स्कोअर कुठं दिसते? क्रिकेटचं मोबाइलवर बॉल-बॉल कळते. यांचं दोन दिवसांनी पेपरात दोन ओळी. मग माणूस फॅन होईल तरी काहून?

जर्सीवाला

म्हणूनच मी बाहेरगावच्या विभागीय स्पर्धेपेक्षा इथले आंतरमहाविद्यालयीन सामने बघतो. विभागीयचं आपल्याला ऐकीवच कळतं. इथे डोळ्यासमोर असतं, फुकट असतं, आणि पुढच्या महिन्यात विद्यापीठाच्या जर्सीत कोण दिसणार ते तुम्ही निवड करणाऱ्यांच्या आधी सांगू शकता. हा माझा खरा शौक आहे. अंतिम सामन्याला नाही जायचं, उपांत्यला जायचं. अंतिमला प्राचार्य येतात, हार-तुरे होतात, पोरं दबून खेळतात. उपांत्यला हरलेल्या संघातला एखादाच असतो जो संघ हरल्यावरही चाचणीला येतो. त्याच्यावर लक्ष ठेवायचं.

शाहूपुरीकर

सगळ्यांचे आभार. ताईंचं लेकीला वाचून दाखवलं, ती लगेच अर्ज लिहायला बसली. जर्सीवाले दादा, वेळापत्रक कुठे मिळेल? आणि चाचणीच्या दिवशी पालकांनी तिथे थांबलं तर चालतं का, की पोरगी चिडेल?

जर्सीवाला

पोरगी चिडेलच, पण थांबा. मैदानाच्या पलीकडच्या बाजूला झाडाखाली थांबा, हाक मारू नका, सूचना तर अजिबात देऊ नका.

वेळापत्रक तिच्या कॉलेजच्या पी.टी.च्या सरांकडे परिपत्रकानं येतं, त्यांनाच विचारा. त्यात सकाळी आठ लिहिलेलं असतं. साडेनऊच्या आत काही सुरू होत नाही, पण तिला मात्र आठला पाठवा, हजेरी तेव्हाच घेतात. बारावीची मार्कशीट, जन्मतारखेचा दाखला, फोटो आणि कॉलेजचं ओळखपत्र मूळ प्रतींसकट सोबत द्या. पात्रता अर्जावर प्राचार्यांचा शिक्का आहे का ते घरीच बघून घ्या, मैदानावर शिक्का मिळत नाही.

निवड झाली तर एक साइज मोठी जर्सी घ्यायला सांगा. जानेवारीत राजस्थानात सामना सकाळी सातचा निघाला तर आत स्वेटर घालूनच वॉर्मअप करावा लागतो, आणि 'स्मॉल'मध्ये तो मावत नाही.