ऊन भरपूर, तरी ड जीवनसत्त्व ९
मल्टिपल स्क्लेरॉसिस (शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू-मज्जारज्जूतल्या नसांच्या आवरणावर हल्ला करते, तो आजार) घराण्यातूनच येतो असं म्हणतात, ते अर्धंच खरं. एकसारख्या जुळ्यांतही एकाला झाला तर दुसऱ्याला होण्याची शक्यता साधारण चारात एक. माझ्या मावसबहिणीला झाला, पण तिच्या घरात कुणालाच नव्हता. दादरला इंडिकेटरवरचे आकडे दोन-दोन दिसायला लागले, तर चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणून बाईंनी आठवडा काढला!

अमेरिकी सैनिकांवरच्या २०२२ च्या अभ्यासात एपस्टाइन-बार विषाणूची लागण झालेल्यांत धोका ३२ पट दिसला. पण तो विषाणू बहुतेक सगळ्यांना कधी ना कधी होऊन जातोच, म्हणजे एकटा तो पुरत नाही. सिगारेट, किशोरवयातला लठ्ठपणा, ड जीवनसत्त्वाची कमतरता यांचीही भर पडते. आणि मुंबईत उन्हाला काय तोटा, असं म्हणू नका. सकाळी सातची लोकल, दिवसभर एसी, अंधार पडल्यावर घर. मावसबहिणीचं ड जीवनसत्त्व ९ निघालं होतं, म्हणजे खूपच कमी.