मदत हवी आहे: मॉरिशस ते रॉड्रिग्ज विमानाला प्रत्यक्ष किती वेळ लागतो?

नमस्कार. आम्ही सोलापूरहून वयस्कर आई-वडिलांना घेऊन मॉरिशसला जाणार असून, तेथून रॉड्रिग्ज बेटही पाहावे, अशी वडिलांची मनापासून इच्छा आहे. सर शिवसागर रामगुलाम विमानतळापासून रॉड्रिग्जचा प्लेन कोराय विमानतळ सरळ रेषेत सुमारे 600 किलोमीटर पूर्वेला आहे. एटीआर 72 हे पंख्याचे विमान ताशी साधारण 500 किलोमीटर वेगाने उडते, म्हणजे सव्वा तास पुरायला हवा, तरीही वेळापत्रकात सुमारे दीड तास धरलेला असतो. हा फरक आग्नेयेकडून येणाऱ्या व्यापारी वाऱ्यांमुळे पडतो, की विमान जमिनीवर असतानाचा वेळही त्यात मोजतात? परतताना कमी वेळ लागतो का? वडिलांना फार वेळ बसवत नाही. त्यामुळे मुंबईच्या विमानातून उतरल्यावर त्याच दिवशी पुढे जावे की मुक्काम करावा, हे अनुभवी सदस्यांनी कृपया सांगावे.