मदत हवी आहे: नॉर्वे-स्वीडन-फिनलंडच्या तिठ्यावर ज्येष्ठांना नेता येईल का?

कोल्टायार्वी तळ्यात काठापासून अगदी जवळ तीन देशांच्या सीमांचा खुणेचा बुरूज आहे. काँक्रीटचं माणसानं केलेलं बेटच ते, 1926 सालचं; त्याआधी इथे नुसती दगडांची रास होती. वळसा घालायला फळ्यांची वाट आहे. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात जायचंय, सोबत सत्तरीचे दोघे.

फिनलंडच्या किल्पिस्यार्वी गावातून पायवाट साधारण 11 किमी. ती मल्ला राखीव क्षेत्रातून जाते, तिथे तंबू ठोकायला बंदी. म्हणजे एका दिवसात जाऊन-येऊन 22, दोघांसाठी बाद. दुसरा मार्ग बोटीचा: किल्पिस्यार्वी सरोवरातून स्वीडनच्या काठावर कोल्टालुओक्ताला उतरायचं, पुढे साधारण 3 किमी चालायचं. बोट काही वेळ थांबून परतते, आणि घोळ इथेच आहे. 6 किमी सपाटीवर दोघांना अडीच तास लागतात, दगडधोंड्यांत किती लागतील कोण जाणे. नकाशावर चढ फारसा दिसत नाही, पण नकाशात चिखल आणि सुटे दगड कुठे दिसतात!

शेंगेन व्हिसा आहे, त्यामुळे सीमेचा प्रश्न नाही. बोटीच्या वेळा फिनलंडच्या, म्हणजे स्वीडनपेक्षा तासभर पुढे, हेही लक्षात आहे. ट्रॉम्सोहून गाडीने येऊ, मुक्काम किल्पिस्यार्वीत. गुडघ्याचे पट्टे आणि काठ्या सोबत असतील.

जे त्या 3 किमीवर चालले आहेत त्यांनी सांगावं: ओल्या जागी सलग फळ्या आहेत का, आणि सकाळच्या बोटीने जाऊन त्याच तिकिटावर पुढच्या फेरीने परतू देतात का?