‘११८९चा झपाटलेला पब’: भूत राहू द्या, आधी साल तपासा

वाटसरू
भटक्याभाऊंचा इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या ‘ये ओल्ड ट्रिप टू जेरुसलेम’ या पबवरचा लेख वाचला. ‘११८९पासून चालू असलेला पब, धर्मयुद्धाला निघालेले सरदार इथेच पिऊन पुढे गेले, शापित जहाज पाहून सर्रकन काटा आला.’ खाली नेहमीप्रमाणे वाहवांचा पाऊस. तिथेच लिहिणार होतो, पण लांबलं, म्हणून वेगळा धागा.

भिंतीवर ठळक ११८९ रंगवलंय म्हणून ते खरं? उद्या मी माझ्या फ्लॅटवर ‘स्थापना शके ११११’ रंगवतो, चालेल? आज उभी आहे ती इमारत सतराव्या शतकातली. तिथे पब असल्याची पहिली नोंद १७५१ची, तीही ‘पिल्ग्रिम’ नावाने. जेरुसलेम पाटीवर आलं १७९९च्या सुमारास. सरदार काय सहाशे वर्षं आधी ॲडव्हान्स बुकिंग करून गेले? ‘सर्वांत जुना’ म्हणवणारे त्याच गावात आणखी दोन पब आहेत, सॅल्युटेशन आणि बेल. त्यातल्या बेलची लाकडं तपासली तर ती खरोखर पंधराव्या शतकातली निघाली. पण बेलला जहाज नाही, म्हणून लेखही नाही.

आता ते जहाज. लाकडी मॉडेल, वर धुळीची गोधडी. म्हणे ज्यांनी ज्यांनी साफ केलं ते तिघं मेले. कोण तिघं? कधी? कशाने? नावं कुणी सांगत नाही. अहो, ती खोली वाळूच्या दगडात कोरलेली आहे, छतातून भुगा गळतो. धूळ साचणारच. झाडायचा कंटाळा आला की शाप लावून मोकळं व्हायचं!

भटक्याभाऊ
साहेब, तुम्ही पबात गेला होतात की पुरातत्त्व खात्याच्या तपासणीला? गोष्ट ऐकायला जातात लोक. मी ‘काटा आला’ लिहिलं, ‘सिद्ध झालं’ नाही लिहिलं. काट्याला पुरावा लागतो हे माहीत नव्हतं.

नॉटिंगहॅमची सून
दोघांचंही निम्मं बरोबर. इमारत नवी असेल, पण मागच्या गुहा जुन्याच आहेत. पब किल्ल्याच्या कड्याला पाठ लावून बसलाय, त्या जागेचं नावच ब्रुहाउस यार्ड, म्हणजे बिअर बनवायच्या घराचं आवार. गुहेत बारा महिने गारवा, म्हणून तळघरातले पिंप टिकतात. या शहराखाली शेकड्यांनी गुहा आहेत. काटा आणायचाच तर कड्यातल्या मॉर्टिमर्स होल या भुयाराची गोष्ट घ्या. १३३०मध्ये कोवळ्या राजा एडवर्ड तिसऱ्याची माणसं गुप्त भुयाराने किल्ल्यात शिरली आणि आईचा प्रियकर रॉजर मॉर्टिमरला उचलून नेलं, पुढे लंडनला फाशी. राणी इझाबेला मुलाला ‘मॉर्टिमरवर दया कर’ म्हणून विनवत होती म्हणतात, आणि तो आवाज अजून येतो. शनिवारवाडा माहीत असलेल्यांना वेगळं सांगायला नको.

आमच्या सासूबाई मात्र ‘बसलं की दिवस जातात’ म्हणतात त्या खुर्चीपाशी मला ढकलत होत्या. त्या भुताबद्दल कोणी लिहीत नाही.

मीठभाकर
भुताबिताचं जाऊ द्या. त्या पबातली खरी भीती म्हणजे ‘राउंड’, पाळीपाळीने एकेकाने सगळ्यांसाठी पेयं घ्यायची. ऑफिसची टोळी गेली, मी न पिणारा, हातात लाइम सोडा. माझी पाळी आली तेव्हा पाच पाइंटचे, म्हणजे बिअरच्या पाच मोठ्या ग्लासांचे, पैसे मोजले. माझा सोडा कितीचा? चिल्लर. हा कुठला न्याय?

अर्धा पाइंट
हा न्याय तीनशे लोकांच्या रांगेत एकाने उभं राहायचा. तिथे वेटर येत नाही, काउंटरवर जाऊन तिथल्या तिथे पैसे द्यायचे. प्रत्येक जण आपापलं कार्ड काढून उभा राहिला तर बारवाल्याने डोकं आपटावं.

मीठभाकर
टीटीएमएम केलं तर इंग्लंड बुडत नाही.

अर्धा पाइंट
बुडत नाही, पण पुढच्या शुक्रवारी तुम्हाला बोलावत नाहीत. आमच्याकडे एक महाशय त्यांची पाळी आली की फोन घेऊन बाहेर जायचे. ‘आईचा फोन’. आईला काय रोज साडेसातलाच आठवण यायची?

मीठभाकर
वैयक्तिक होऊ नका. मी कधी पळालो नाही. न पिणाऱ्याने पिणाऱ्यांचं बिल का भरायचं, एवढंच विचारलं.

चिंचपोकळीचा चिंतामणी
मग जाता कशाला पबात? गिरणगावात माझ्या वडिलांनी आयुष्यभर मित्रांना चहा पाजला, कधी हिशेब केला नाही. तुमची पिढी दोन रुपयेसुद्धा ॲपवर मागते.

मीठभाकर
चहा आणि सात पौंडांचा पाइंट एकच का काका? आणि ‘मग जाता कशाला’ हे बोलणं सोपं आहे. नवीन देशात, नवीन टीममध्ये सगळं तिथेच ठरतं. न गेलं तर माणूसघाणा, गेलं तर भुर्दंड.

नॉटिंगहॅमची सून
मीठभाकर, यावर मात्र खरंच +१. उपाय सांगते: पहिला राउंड तुम्हीच घ्या. तेव्हा सगळे आलेले नसतात. नंतर ‘मला सकाळी लवकर उठायचंय’ म्हणून निघा.

अर्धा पाइंट
हा उपाय नाही, दरोडा आहे. पण हुशार आहे, मान्य.

वाटसरू
धागा पबच्या वयावर होता, याची नम्र आठवण. पब एका मोठ्या ब्रुअरी (बिअर बनवणाऱ्या) कंपनीचा आहे. भुताचा पगार काढावा लागत नाही, आणि गर्दी तेवढीच होते. यावर कुणालाच काही म्हणायचं नाही?

भटक्याभाऊ
मला आहे. लेखात ‘११८९पासून’ऐवजी ‘११८९पासून असल्याचा दावा’ असं केलंय. तुमच्या समाधानासाठी १७५१ही घातलं. जहाजाला हात लावणार नाही. ते आता काचेच्या पेटीत आहे, तुम्हीच जाऊन पुसून या. चौथं नाव लागलं तर पुरावाही मिळेल.

वाटसरू
दुरुस्तीबद्दल आभार, टोमण्यासकट. पेटी उघडून द्या, फडकं मी आणतो.

लेस्टरकर
शनिवारी जायचंय, वडील सोबत आहेत, गुडघे दुखतात. स्टेशनवरून चालणं जमेल? आणि आत पायऱ्या आहेत का?

नॉटिंगहॅमची सून
स्टेशनवरून आरामात चालत दहा-बारा मिनिटं, रस्ता बराचसा सपाट. जहाजाच्या खोलीला जिना चढावा लागतो, काकांना खालीच बसवा. शनिवारी दुपारी बाराच्या आत गेलात तर जागा मिळेल. आणि भिंतीच्या हुकात दोरीला बांधलेली कडी अडकवायचा खेळ आहे, ‘रिंग द बुल’, तो त्यांना जरूर खेळू द्या. तो बसून नाही खेळता येत म्हणा, पण माझे सासरे गुडघे विसरले होते.