मदत हवी आहे: आईला घेऊन हॉबिटन जमेल का?

मंडळी, न्यूझीलंडला नोव्हेंबरमध्ये जातोय. हॉबिटन, म्हणजे ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ सिनेमांचा सेट, करायचंच आहे. तिथे आपलं आपण भटकता येत नाही, गाईडबरोबरच जावं लागतं, साधारण अडीच तास. ऑकलंडहून माटामाटा (हॉबिटन याच गावाजवळ) दोन तास, पुढे रोटोरुआ तासाभरावर. मग वाटेत उरकावं, की रोटोरुआला मुक्काम टाकून निवांत यावं?

खरी अडचण आईचे गुडघे. सपाटीवर तास तास चालते, उतार दिसला की माझा दंड धरते. ते तर मेंढ्यांचं डोंगराळ फार्म, टेकड्यांच्या कुशीत हॉबिट नावाच्या बुटक्यांच्या घरांची ४४ गोल दारं! मधे टेकायला बाक आहेत का, की तिथल्या ग्रीन ड्रॅगन पबमध्ये पेयाचा मग हातात पडेपर्यंत उभंच राहायचं? गट पुढे गेला तर गाईड थांबतात का?

डिसेंबर २०२३ पासून ‘बॅगशॉट रो’ या तिथल्या गल्लीत घरांच्या आतही जाता येतं. तिथे पुरेसा वेळ देतात, की ‘चला चला’ करतात? मला मात्र टेकडीवरचं ते खोटं ओकचं झाड बघायचंय, पान न् पान हाताने बांधलेलं. बायकोच्या मते एवढ्यासाठी कुणी इतक्या लांब जात नाही.

आईवडिलांना नेलेल्यांनी जरूर सांगा. सकाळची वेळ बरी की दुपारची?