मदत हवी आहे : दगडी कट्टा थंडीत वर उचलला जातोय

अमेरिकेत आयोवातल्या एल्क हॉर्नला डॅनिश स्थलांतरितांचं संग्रहालय आहे, भोवतीची प्रेअरी (गवताळ माळाची) बाग येन्स येन्सन या डॅनिश-अमेरिकन बाग-रचनाकाराच्या नावाची. मधे शेकोटी, भोवती गोल दगडी बैठक ही येन्सनची खूण. त्याच धर्तीवर आयोवातच चुनखडीच्या लाद्यांचा कट्टा रचलाय : व्यास ४ मीटर, उंची ४५ सेंमी, सांधे कोरडे. खाली चिकणमाती, त्यावर १५ सेंमी खडी. दुसऱ्या हिवाळ्यात उत्तरेकडच्या लाद्या दोन बोटं वर आल्या. बर्फ वितळल्यावर बसल्या, पण तिरक्या. खडी उपसून पुन्हा ठोकली, फरक शून्य. इथे जमीन मीटरभर गोठते, तेवढं खोदणं परवडत नाही. काँक्रीट नकोच, मग तो येन्सनचा कट्टा कसला! दोष मातीत साचणाऱ्या पाण्याचाच दिसतो. तर कट्ट्याबाहेर भोकांचा पाइप किती खोल घालावा? की खडी ३० सेंमी केली तरी भागेल?